टेबलटॉप दाजी

ही माणसं तुम्हाला नवीन नाहीत. कुणी गच्चीत मधमाश्या पाळतो, कुणी जुने रेडिओ उघडून बसतो, आणि भेटायला गेलेल्याच्या हातात चहाच्या कपाआधी पक्कड येते. छंद त्यांचा, अंगदुखी आपली. आमच्या थोरल्या आक्काचे यजमान या जमातीतले अव्वल. त्यांच्याकडे पाहुण्याच्या हातात घमेलं येतं. "बरं झालं आलासा, पावणं," असं दाजी तोंडभरून म्हणाले की समजायचं, धुम्मस मारायला माणूस कमी पडलाय.

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघालं की वाटेत त्यांचं गाव लागतं. घरामागं पंधरा गुंठे माळ आहे आणि त्या माळावर दाजींनी मोटरसायकलनं उड्या मारायचे उंचवटे बांधले आहेत. ज्या मुलखात हातभर बांधासाठी सख्खे भाऊ दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या बाकावर बसतात, तिथं या गृहस्थानं पंधरा गुंठे रान हवेत जायला सोडलं. मधोमध मोठा टेबलटॉप. दोन्ही टोकांना गाडी आडवी टाकून वळवायच्या मातीच्या भिंती. एका कडेला गुडघाभर उंचवट्यांची रांग. पोरं तिला 'वूप्स' म्हणतात, आक्का 'ह्यांची गळवं' म्हणते. तलाठी पीकपाहणीला आले, बराच वेळ डोकं खाजवलं आणि 'पड' अशी नोंद करून गेले. दाजी तेव्हापासून दुखावलेले आहेत. "रोज पाणी मारतोय, दर पंधरवड्याला मशागत करतोय, आणि पड?"

पण उंचवट्यांचं नंतर. आधी माती.

जमीन कुठलीही असो, दाजी वाकतात. मूठभर माती उचलतात, दाबतात, मूठ उघडतात. लाडू वळला पाहिजे. मग त्या लाडवाला अंगठ्यानं टोचायचं. दोन-तीन तुकडे झाले तर ओलावा बरोबर. नुसताच खड्डा पडून अंगठ्याला चिखल लागला तर पाणी जास्त. वळलाच नाही तर पाणी कमी, नाहीतर वाळू जास्त. परीक्षा चोख आहे, मातीकाम केलेले जुने मुकादमही हीच करतात. माझी तक्रार परीक्षेबद्दल नाही. ती कुठं करावी याला काही धरबंध असावा.

चुलत पुतणीचं लग्न एका लॉनवर होतं. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांचे डोळे अंतरपाटाकडे, आणि दाजी लॉनच्या कडेला जिथं गवत उगवलं नव्हतं तिथं ओणवे. एका मुठीत अक्षता, दुसऱ्या मुठीत माती. 'शुभमंगल सावधान' झालं तेव्हा कोणती मूठ आधी उघडली हे नवरदेवाच्या फेट्यावर आहे. फोटोग्राफरनं अल्बमसाठी तोच फोटो निवडला.

मित्राच्या बंगल्याचं भूमिपूजन. गुरुजींनी यजमानांच्या हातात कुदळ दिली, पहिला घाव पडला, नारळ फुटला, आणि दाजींनी खड्ड्यात हात घातला. "काळी हाय. फुगणार." गुरुजी थांबले. यजमानांचे सासरे पुढं झाले. दाजींनी त्यांना तिथंच, पूजेच्या ताटासमोर, काळ्या मातीची कुंडली सांगितली : पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वर जे बांधलंय ते दोन्ही वेळा हलतं. शब्दन् शब्द खरा होता. त्या घरात आम्हाला वास्तुशांतीचं आमंत्रण आलं नाही.

पंढरपूरला वाळवंटात सगळ्यांनी वाळू कपाळाला लावली. दाजींनी दाबली. "लाडू वळत न्हाई." मागच्या वारकरी आजी म्हणाल्या, "माउली, प्रसाद आत मिळतो."

आणि एकदा तर सावडायला नदीवर गेलो होतो. सगळे मान खाली घालून उभे. दाजी काठावर बसले, गाळात हात घातला आणि मूठ आवळून बराच वेळ तसेच राहिले. गेलेल्या माणसाच्या मुलाला भडभडून आलं. येऊन त्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. दाजी म्हणाले, "गाळ हाय." त्याला वाटलं, शोकानं शब्द फुटत नाहीत. आजही तो गावभर सांगतो, बापाच्या मागं खरा रडलेला माणूस एकच.

एवढं कशासाठी? तर उंचवटा उभा राहतो तो या मुठीवर. काळी माती बाद, तिचं कारण सासऱ्यांसमोर झालंच आहे. नुसता मुरूम घट्ट बसतो पण वरून सुटतो. मागच्या चाकानं चार वेळा उधळला की चढाचा माथा बोथट होतो. नुसती चिकण माती वाळली की दगड आणि भिजली की साबण. म्हणून दाजी पोटात मुरूम भरतात आणि वरचा अर्धा फूट तांबड्या मातीत चिकण कालवून करतात. प्रमाण विचारलं तर सांगत नाहीत. आक्कानं पापडाचं प्रमाण जावेला सांगितलं नाही, तशातलाच हा प्रकार.

या वरच्या थरासाठी ते एकदा तालमीत गेले होते. कोल्हापूरचा माणूस, मातीचं अडलं की आखाड्याकडेच जाणार. वस्तादांनी सांगितलं : तांबडी माती चाळायची, तेल, ताक, हळद, लिंबू घालायचं, रोज उकरायची. दाजींनी महिनाभर घरातलं ताक गायब केलं. मग लक्षात आलं की गणित उलटं आहे. वस्तादांना माती भुसभुशीत हवी, पडलेल्याला लागू नये म्हणून. दाजींना ती चेपलेली हवी, उडणारा पडू नये म्हणून. ताक वाया गेलं, पण मैत्री टिकली. दोघं अधूनमधून खासबागेत जाऊन बसतात. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभं राहिलेलं ते मैदान. कुठल्याही पायरीवर बसा, कुस्ती दिसते. वस्ताद कुस्त्यांच्या आठवणी काढतात. दाजी पायऱ्यांच्या उताराकडे बघत म्हणतात, "मापात हाय."

आता हिशेब, कारण पाहुण्याला तो ऐकल्याशिवाय जेवण मिळत नाही. टेबलटॉप म्हणजे चढ, वर सपाट माथा आणि पलीकडे उतार. दाजींचा चार फूट उंच, बारा फूट रुंद. चढ दहा फुटांत, माथा पंधरा फूट, उतार सोळा फुटांत. गुणाकार केला की साडेतेरा ब्रास होतात, बाजूचे ढाळ वेगळे. ही झाली चेपलेली माती. चेपली की ती आकसते, म्हणून सुटी सतरा-अठरा ब्रास तरी आणायची. ती एकदम ओतून वरून जेसीबीचं बकेट आपटायचं नाही. तसं केलं तर वरचा थर घट्ट दिसतो आणि पोट पोकळ राहतं. पहिल्या पावसात बसतं. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस. परत थर, पाणी, धुम्मस. गाडीवाले पाहुणे असतील तर त्यांची गाडीही थरावरून मागंपुढं फिरवली जाते. आमचे एक साडू नवी कार घेऊन पेढे द्यायला गेले होते. गाडीचा पहिला प्रवास दहा फूट पुढं, दहा फूट मागं.

बांधणं तरी एकदाच. खरं दुखणं डागडुजीचं आहे. प्रत्येक उडीबरोबर चढाचा माथा थोडा खरवडला जातो, पायथ्याला चाकोऱ्या पडतात. खड्डा दिसला म्हणून वर नवी माती थापली तर ती धरत नाही, दोन दिवसांत पापुद्रा होऊन सुटते. आधी जुना थर टिकावानं खरवडायचा, भिजवायचा, मग नवी माती, मग धुम्मस. पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं, सकाळी गाडीच्या तोंडावर नाही. पायथ्याशी पाणी साचू द्यायचं नाही, म्हणून भोवती चर. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस गाडी लावायची नाही. हा शेवटचा नियम मोडणाऱ्या पोराला दाजी शिव्या देत नाहीत. टिकाव देतात.

आणि गगनबावड्याच्या बाजूचा पाऊस म्हणजे काय हे ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. जून ते सप्टेंबर उंचवटे झाकावे लागतात. शेततळ्याचा कागद महाग, ताडपत्री टिकत नाही. दाजींनी उपाय काढला : फ्लेक्स. आपल्याकडे ते पीक बारमाही आहे. वाढदिवस उलटला, निवडणूक झाली, की चौकातला फ्लेक्स दाजींच्या माळावर येतो. चढावर एका पक्षाचे भावी आमदार, माथ्यावर दुसऱ्या पक्षाचे युवा नेतृत्व, उतारावर तिसऱ्यांचे कार्यसम्राट, आणि सगळ्यांच्या कडांवर दगड. मी विचारलं, हे उतारावरचे कोण? दाजी म्हणाले, "हे दोन पावसाळे टिकले. ह्यांच्याइतकं काम कुणी केलं न्हाई."

पोरं मोबाइलवर परदेशातल्या उड्या बघून येतात आणि दाजींकडे एकच मागणी लावून धरतात : डबल करा. डबल म्हणजे चढ आणि उतार असे दोन वेगळे ढीग, मधे मोकळी जागा. उडी तोकडी पडली तर माणूस मधल्या जागेत, नाहीतर समोरच्या ढिगाच्या तोंडावर. टेबलटॉपला तोकडी पडली तर माथ्यावर टेकतो, धक्का बसतो, घरी जातो. दाजींचं उत्तर ठरलेलं : "मधी विहीर खणून देतो. तीबी चालंल काय?"

या खेळाचा इतिहासही त्यांनी पाठ केला आहे आणि तो गुऱ्हाळावर कुणालाही ऐकावा लागतो. १९७२ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये ट्रकांनी माती आणून ओतली, तिचे उंचवटे केले आणि शर्यत लावली. मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं ती जिंकली. सुपरक्रॉस तिथून सुरू झालं असं मानतात. ऐकणाऱ्याला सोळा वर्षांचं पोर ऐकायचं असतं. दाजी ट्रकांवर थांबतात. "किती ब्रास आसंल?"

२०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो. देशोदेशीचे रायडर, दिव्यांचा झगमगाट, डोक्यावरून उडणाऱ्या गाड्या, बाजूला माझा मुलगा घसा फोडून ओरडतोय. दाजी दुर्बीण लावून जमिनीकडे बघत होते. शर्यत संपल्यावर गर्दी रायडरांच्या सह्या घ्यायला एकीकडे पळाली, दाजी दुसरीकडे. कुठल्या वाटेनं आत शिरले देव जाणे. सुरक्षारक्षकानं त्यांना परत आणलं तेव्हा मूठ बंद होती. रक्षक म्हणाला, "काका, हात उघडा." दाजींनी उघडला. लाडू होता. रक्षकानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला हळू आवाजात विचारलं, "औषधं चालू आहेत का?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे आणि मी नेत आलो. पण एक गोष्ट आक्कानं सांगितली ती सांगावी लागते, नाहीतर दाजींवर अन्याय होईल. तशी माझी इच्छा नाही.

दाजी स्वतः उडी मारत नाहीत. टेबलटॉपवरून त्यांना गाडी नेताना कुणी पाहिलेलं नाही. तरुणपणी त्यांच्याकडे यामाहाची आरएक्स १०० होती. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ती अठ्ठ्याण्णव सीसीची गाडी. तिचा आवाज काढून दाखवल्याशिवाय आमच्या पिढीतला पुरुष तिच्याबद्दल बोलूच शकत नाही. जवळच्या एका गावात यात्रेनिमित्त मोटरसायकलच्या शर्यती ठेवल्या होत्या. आयोजकांनी ट्रॅक्टरच्या दोन खेपा टाकून चढ केला. हौसेनं केला, उंच केला, वर झेंडूच्या माळा लावल्या. पलीकडे काही केलं नाही. उडी बघायला लोक चढासमोर बसतात, उतार कुणाला दिसतो? दाजी सगळ्यांत लांब उडाले. टाळ्या पडल्या त्या ते हवेत असतानाच. मग गाडी उन्हानं तापलेल्या, दगड झालेल्या सपाट जमिनीवर आदळली.

उतारावर टेकलं की गाडी ज्या दिशेनं खाली येतेय त्याच दिशेला जमीनही जात असते, म्हणून धक्का विरतो. सपाटीवर तो विरत नाही; तो आधी शॉकअपमध्ये जातो आणि उरलेला गुडघ्यात. दाजींचा उजवा गुडघा तेव्हापासून पूर्ण वाकत नाही. जीप यायला वेळ लागला. तेवढा वेळ ते तिथं पडून होते, आणि आक्का म्हणते, हातात तिथलंच एक ढेकूळ घेऊन दाबत होते. फुटत नव्हतं. दवाखान्यात नर्सनं ते मुठीतून काढून घेतलं.

तो गुडघा घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं ओणवा होतो. लग्नात, भूमिपूजनात, नदीकाठी. मला आधी वाटायचं, वाकताना चेहरा वाकडा करतात तो मातीला नाक मुरडतात म्हणून.

माझ्या मुलानं हिरोची एक्सपल्स घेतली आणि मामांकडे उडी शिकायचा हट्ट धरला. (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात.) दाजींनी आधी गाडीला नावं ठेवली : शर्यतीची अडीचशे सीसीची गाडी शंभर किलोच्या आसपास, ही दीडशेच्या वर, रस्त्याची म्हैस. मग हेल्मेट, छातीचं आणि गुडघ्याचं कवच, बूट हे सगळं स्वतः ओढून तपासलं. मग त्याच्याकडून आठवडाभर फक्त धुम्मस मारून घेतलं. त्यानंतर वूप्स, मग टेबलटॉपवरून नुसतं हळू चालवत जाणं. शेवटी एका सकाळी मान हलवली.

पोरगं तोकडं पडलं. भीतीनं शेवटच्या क्षणी ॲक्सिलरेटर सोडला असणार. मागचं चाक माथ्याच्या मध्यावर आपटलं, गाडी हेलकावली, सावरली, उतारावरून खाली आली आणि थांबली. डबल असता तर मी हा लेख लिहिला नसता. मी धावलो. दाजीही निघाले, पण पोराकडे नाही. ते माथ्यावर चढले, जिथं चाक आपटलं होतं तिथं बसले आणि हात फिरवला. बोटभर खळगा पडला होता, बस. मग वरून ओरडले, "पावणं, पोराला पाणी द्या. आन् येताना टिकाव आणा." त्या दिवशी मी टिकाव तक्रार न करता नेला. एवढं पुरे, याहून जास्त कौतुक मी त्यांचं करणार नाही. ते लगेच घमेलं काढतील.

आता त्यांचं ताजं प्रकरण. गावच्या फाट्यावर अपघात झाला आणि एका रात्रीत गतिरोधक आला. पट्टे नाहीत, फलक नाही, डांबराची वरवंट्याएवढी गाठ. दाजी दोरी आणि लेव्हल घेऊन गेले, भर रहदारीत मापं घेतली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधकाचं माप दिलेलं आहे : ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटिमीटर उंच, म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी त्यावरून सुखरूप जाते. फाट्यावरचा एक मीटरही रुंद नव्हता, आणि उंची जवळजवळ दुप्पट. दाजींनी ठेकेदाराला गाठलं. "चढ झकास बांधलाय. ल्यांडिंग कुठाय?" ठेकेदाराला वाटलं, म्हातारा विमानतळ मागतोय.

त्यानंतर एका भाजीवाल्या बाई त्याच गतिरोधकावर मुलाच्या स्कूटरवरून मागच्या मागं पडल्या. बिल मंजूर झालं होतं, ठेकेदार पुढच्या कामावर गेला होता. दाजींनी रात्री तीन पोरं आणि एक ट्रॅक्टर घेऊन गाठीच्या दोन्ही बाजूंना मुरूम टाकला, थर दिले, पाणी मारलं, धुम्मस मारलं, चुन्याचे पट्टे ओढले. सकाळी सरकारी रस्त्यात विनापरवाना मातीकाम केल्याबद्दल त्यांना नोटीस आली. नोटिशीची प्रत त्यांनी टेबलटॉपवर, कार्यसम्राटांच्या शेजारी, दगडाखाली ठेवली आहे.

महाराष्ट्रात माणसाला हवेत उडवणारे उंचवटे गावोगाव आहेत. पलीकडे उतार करून ठेवलेला मी आजवर एकाच माळावर पाहिला, आणि त्याची नोंद 'पड' आहे.

तर वाचकहो, एक विनंती. येत्या पावसाआधी दाजींना उतार आणखी चार फूट लांब करायचा आहे आणि माती कमी पडते आहे. कोल्हापूर परिसरात तुमच्या बांधकामाच्या पायातून तांबडी माती निघाली तर कळवा. ट्रॅक्टर आणि माणसं दाजी आणतील, भाडं तेच देतील. काळी निघाली तर मात्र कुणाला बोलू नका. त्यांना कळलं तर ते येतील, मूठभर दाबून बघतील, आणि तुमचं घर फुगणार हे तुमच्या सासऱ्यांना सांगूनच परत जातील.